अडीचची काडी

वैशाखात दोंडाईच्याला लोखंडाला हात लावू नये,
पण कूलरचा पाय गंजून तुटला तो वैशाखातच.
विटेवर तोललेला तो पत्र्याचा डबा
रात्रभर खडखडत राहिला,
हिवताप भरलेल्या माणसाच्या दातांसारखा.

रज्जाक पिंजारी म्हणाला, "ताई, उद्या."
उद्या त्याला मिरचीच्या गोदामाचं शेड होतं,
परवा कोणाच्या तरी ट्रॉलीचा हूक.
एका पायासाठी मशीन उचलून आणणं परवडत नाही,
त्याचंही खरंच आहे.
मीही एका काजासाठी गल्ली ओलांडत नाही.

मग ज्या खडूनं गळे आखते
त्याच खडूनं फरशीवर मांडलं:
कूलरचा पाय, फाटकाची बिजागरी,
लोटनच्या सायकलचं कॅरिअर,
माझ्या शिलाई मशीनचं पायडल, तीन वर्षं तारेनं बांधलेलं,
जिन्याचा कठडा, जो धरून कोणी चढत नाही.
समोर लिहिलं पाच हजार.
खाली रेघ मारली, जाड.

धुळ्यात आग्रा रोडला सुपडूशेठनं तीन डबे पुढ्यात ठेवले.
लालवर दोनशे ऐंशी अँपिअर छापलेलं.
चारशे छापलं असतं तरी कोणी अडवलं असतं?
छत्तीसचं लेबल लावलेलं रेडिमेड ब्लाउज येतं माझ्याकडे,
मोजलं तर चौतीसही भरत नाही.

"मशीन कोनासाठे लेवानं शे?"
"मनासाठेच."
शेठ जरा थांबला. मग एकच शहाणा प्रश्न विचारला:
"तुना घरनी लाईन कशी शे?"

लाईन!
संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या
की आमची ट्यूब तीन झटक्यांनी डोळा उघडते,
कधी उघडतच नाही.

"मग मोठ्याचा नाद सोड," तो म्हणाला,
"घरच्या कामाला अडीचची काडी, ऐंशी अँपिअर, बस.
पडलेल्या व्होल्टेजवर जे पेटतं, ते घे."

मी ब्लेडनं केबलचं टोक खरवडलं:
वरून तांबं, आत ॲल्युमिनियम.
अर्थिंगचा चिमटा माझ्या दोरीवरच्या चिमट्याहून पातळ.
पंखे चालू करून तिन्ही ऐकले,
मशीनचं पोट आवाजात कळतं, एवढं मला येतं.
निळं घेतलं. चार हजार सहाशे.
चिमटा बदलून, काळी काच फुकट,
हातमोज्यांचे मात्र त्यानं सोडले नाहीत.

एसटीत मांडीवर घेऊन बसले.
शेजारची म्हणाली, "मिक्सर का?"
म्हटलं, "हो. जरा मोठा."

पहिली काडी चिकटली. दुसरीही.
तिसरी चिकटली तशी लोटन हसला, मग आत पळाला.
रज्जाक सायकलवरून चालला होता, फाटकाबाहेरच थांबला.
"दाबू नका, ताई. काडेपेटीवर ओढतात तशी ओढा,
आणि लगेच उचला. गंज घासला का आधी?"
नव्हता घासला.
मी घासला.

मग टाका बसला.
माझ्या धंद्यात टाका, त्याच्या धंद्यातही टाकाच,
फक्त हा उसवायचा तर ग्राइंडर लागतो,
आणि ग्राइंडर पुढच्या दिवाळीला.

मळी ठोकून पाडली.
खाली रेघ, कोंबडीनं उकरल्यासारखी.
शिकाऊ पोरीनं अशी टीप मारून आणली असती
तर मी पुन्हा घालायला लावली असती.
पाय मात्र उभा राहिला.

दोनदा काचेशिवाय पाहिलं, हावरटपणानं.
रात्री डोळ्यांत वाळू.
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले आहे.
दिसत काही नाही,
नुसता वाळ्याचा ओला वास येतोय
आणि कान कूलरकडे:
पंखा घरघरतोय, पाणी टपकतंय,
बाकी काही नाही.
वीट अंगणात पडली असेल,
अजून तापलेली.